मँचेस्टरचा विवा फेस्टिव्हल आणि स्पॅनिश सिनेमा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मार्च जवळ आला की मला मेसेज सुरू होतात. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवरून, ऑफिसातल्या मराठी पोरांकडून, लीड्स-लिव्हरपूलहून सुद्धा. प्रश्न साधारण तेच ते असतात म्हणून या वेळी सगळं एका जागी लिहून टाकते. मी २०१२ पासून जातेय, तेव्हा संध्याकाळच्या स्पॅनिश क्लासला जायचे आणि आमच्या बाईंनी सगळ्या वर्गाला एका शोला नेलं होतं, तिथून लागलेली सवय आहे. फेस्टिव्हलशी माझं कामाचं नातं काही नाही, प्रेक्षक म्हणून जे कळलंय ते सांगतेय. तारखा आणि तिकिटाचे दर दर वर्षी बदलतात, ते थिएटरच्या वेबसाइटवरच बघायचे.

हा फेस्टिव्हल नक्की आहे तरी काय?

मँचेस्टरमध्ये दर वर्षी वसंतात, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलमध्ये, स्पेन आणि लॅटिन अमेरिकेतले सिनेमे दाखवतात, दोन-तीन आठवडे चालतं. सुरुवात झाली १९९५ मध्ये, कॉर्नरहाउस नावाच्या थिएटरात. ऑक्सफर्ड रोड स्टेशनला अगदी चिकटून, कोपऱ्यावरची इमारत, तीन स्क्रीन, आणि त्यातला एक तर रस्ता ओलांडून पलीकडच्या दुसऱ्याच इमारतीत. कॉर्नरहाउस २०१५ मध्ये बंद झालं, ते आणि लायब्ररी थिएटर कंपनी एकत्र करून त्याच वर्षी मे महिन्यात फर्स्ट स्ट्रीटवर 'होम' उभं राहिलं, पाच स्क्रीन, दोन नाट्यगृहं, एक गॅलरी. फेस्टिव्हलही सामानासकट तिकडे गेला. मला जुनी जागा अजून आठवते, हिवाळी कोट मांडीवर घेऊन बसलेली माणसं, आणि शांत सीनमध्ये बाहेरच्या गाड्यांचा आवाज यायचा.

२०२० साली ऐन फेस्टिव्हलच्या तोंडावर देशभरातली थिएटरं बंद झाली, छापलेलं कार्यक्रमपत्रक माझ्या फ्रिजवर तसंच महिनोन्‌महिने लावलेलं होतं. तेवढा धक्का सोडला तर तीस वर्षं हे चालू आहे आणि मला त्याचं खरंच कौतुक वाटतं, कारण मँचेस्टर म्हणजे काही स्पॅनिश लोकांनी भरलेलं शहर नाही. प्रेक्षकांत निम्म्याहून जास्त माणसं माझ्यासारखी, पडद्याखालची अक्षरं वाचणारी.

'विवा' म्हणजे काय? आणि नावाच्या आधी ते उलटं उद्गारचिन्ह कशाला?

विवा म्हणजे 'चिरायू होवो', आपण झिंदाबाद म्हणतो तसं. स्पॅनिशमध्ये प्रश्न किंवा उद्गार सुरू होतानाच उलटं चिन्ह देतात, म्हणजे वाचणाऱ्याला आधीच कळतं की आवाज चढवायचाय. उच्चार खरं तर 'बीबा'च्या जवळ जातो, स्पॅनिशमध्ये व आणि ब एकच. तिकीट काढताना विवा म्हणा, सगळ्यांना कळतं.

मला स्पॅनिशचा एक शब्द येत नाही. येऊन काही कळेल का?

कळेल. सगळ्या सिनेमांना इंग्लिश सबटायटल्स असतात. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारी माणसं बहुतेक अशी असतात ज्यांनी घरी कोरियन मालिका रात्र-रात्र जागून बघितल्यात, त्यामुळे घाबरण्यासारखं काहीच नाही.

पण एक खरी अडचण सांगते. घरातलं मोठं माणूस सोबत असेल आणि इंग्लिश वाचायचा वेग कमी असेल तर थोडा विचार करून सिनेमा निवडा. सबटायटल जास्तीत जास्त दोन ओळींचं, एका ओळीत चाळीसच्या आसपास अक्षरं, आणि सहा-सात सेकंदांच्या वर ते सहसा टिकत नाही. भराभर बोलणारी अर्जेंटिनी कॉमेडी असेल तर वाचता वाचता माणूस दमतं. खेड्यातली, डोंगरातली, कमी बोलणाऱ्या माणसांची गोष्ट असेल तर सोपं जातं.

माझी आई निफाडहून आली होती त्या वर्षी मी तिला एका अर्जेंटिनी सिनेमाला नेलं. तिचं इंग्लिश वाचन हळू. पहिली दहा मिनिटं मी कानात सांगत होते, मग पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून बघितलं म्हणून गप्प बसले, आणि मला वाटलं झालं, आता ही कंटाळणार. मग एका सीनमध्ये घरमालक दारात उभा राहून भाडं मागतो, भाडेकरू काहीतरी कारण सांगते, आणि तो दोनदा म्हणतो, 'आय के पगार, सेन्योरा.' आई माझ्या दंडाला धरून म्हणाली, "पगार म्हणाला ना गं तो?" म्हणालाच होता. स्पॅनिशमध्ये पगार म्हणजे पैसे देणं, चुकते करणं. आपल्याकडे तो शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि पोर्तुगीज-स्पॅनिश सख्ख्या बहिणी. त्यानंतर ती कान टवकारूनच बसली होती. पाव तिथे 'पान', बादली 'बाल्दे', बटाटा 'पताता' किंवा 'बताता', तंबाखू 'ताबाको'. घरी येईपर्यंत ट्रॅममध्ये हाच विषय, आणि गोष्ट तिला पूर्ण कळली होती, माझ्यापेक्षा एक-दोन गोष्टी तिने नीट पकडल्या होत्या, कारण ती माणसांचे चेहरे बघत होती आणि मी अक्षरं.

इंग्लिशमध्ये डब करून का नाही दाखवत? सगळ्यांना सोपं जाईल की.

मला डबिंग आवडत नाही हे आधीच सांगून टाकते. आवाज गेला की अर्धा अभिनय गेला. पण यामागे स्पेनचा स्वतःचा एक इतिहास आहे तो सांगण्यासारखा आहे. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत १९४१ मध्ये परदेशी सिनेमे स्पॅनिशमध्ये डब करणं सक्तीचं केलं. सक्ती काही वर्षांत गेली पण सवय लागली ती लागलीच, आजही स्पेनमधल्या बहुतेक थिएटरांत हॉलिवूडचे सिनेमे डब होऊनच लागतात. आणि डबिंगमुळे सेन्सॉरच्या हातात आयतं हत्यार आलं, चित्र न कापता शब्द बदलता यायला लागले. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण 'मोगॅम्बो'चं, १९५३ चा अमेरिकन सिनेमा. त्यात एक लग्न झालेली बाई परक्या पुरुषाच्या प्रेमात पडते, आता हे तर पडद्यावर चालणार नाही, म्हणून स्पॅनिश डबिंगमध्ये त्या नवरा-बायकोला भाऊ-बहीण करून टाकलं. पण चित्रात तर ते दोघं नवरा-बायकोसारखेच वागताना दिसत होते! व्यभिचार झाकायला गेले आणि त्याहून भलतंच काहीतरी दिसायला लागलं.

म्हणून मूळ आवाज आणि खाली अक्षरं, हीच पद्धत मला प्रामाणिक वाटते.

स्पॅनिश फेस्टिव्हल म्हणजे स्पेनचेच सिनेमे ना?

नाही, आणि माझ्या मते इथेच खरी गंमत सुरू होते. २० सार्वभौम देशांची ही अधिकृत भाषा आहे, स्पेन, लॅटिन अमेरिकेतले १८ आणि आफ्रिकेतला इक्वेटोरियल गिनी. मातृभाषा म्हणून बोलणारे ५० कोटींच्या घरात. आता यातल्या किती देशांचा सिनेमा आपल्या गावातल्या थिएटरात लागतो? स्पेन, मेक्सिको, अर्जेंटिना, फार तर चिली. पराग्वे, ग्वाटेमाला, बोलिव्हिया, उरुग्वे, डॉमिनिकन रिपब्लिक यांचा सिनेमा इथे मोठ्या पडद्यावर बघायचा तर फेस्टिव्हलशिवाय मार्ग जवळपास नाही. उरुग्वेची लोकसंख्या ३५ लाखांच्या आसपास, म्हणजे पुणे शहरापेक्षा लहान देश, तिथला दिग्दर्शक स्वतःच्या देशात कितीही चालला तरी तेवढ्यावर खर्च निघत नाही. त्याला बाहेर जावंच लागतं.

आणि दुसरं, स्पॅनिश फेस्टिव्हलमधला प्रत्येक सिनेमा स्पॅनिशमध्ये असतो असंही नाही. स्पेनमध्येच कॅटलान, बास्क, गॅलिशियन बोलतात. २०२२ मध्ये बर्लिन फेस्टिव्हलचा सर्वोच्च पुरस्कार, गोल्डन बेअर, मिळाला त्या कार्ला सिमोनच्या 'अल्कारास'ची भाषा कॅटलान आहे. मी मूळची द्राक्षाच्या पट्ट्यातली, त्यामुळे तो सिनेमा बघताना मला परका वाटलाच नाही. पीचची बाग, पिढ्यान्‌पिढ्या कसणारं कुटुंब, जमीन तोंडी शब्दावर मिळालेली आणि कागद नाही, आता मालकाच्या वारसाला तिथे सोलर पॅनल लावायचेत. मालाला भाव नाही म्हणून शेतकरी चिडून रस्त्यावर पीच ओततात. आमच्याकडे टोमॅटो ओततात, एवढाच फरक. त्यातले कलाकार त्याच भागातली माणसं आहेत, व्यावसायिक नट नाहीत, आणि ते क्रेट उचलताना कमरेत कसे वाकतात ते बघितलं तरी कळतं.

ग्वाटेमालाचा 'इक्सकानुल', २०१५ चा, दिग्दर्शक हायरो बुस्तामांते. ज्वालामुखीच्या उतारावरच्या कॉफीच्या मळ्यातलं माया कुटुंब, त्यांची भाषा काक्चिकेल. या सिनेमात स्पॅनिश ही त्यांच्यासाठी परकी भाषा आहे, सरकारची, हॉस्पिटलची भाषा. पोरगी हॉस्पिटलात पोचते तेव्हा तिचं म्हणणं डॉक्टरांना आणि डॉक्टरांचं तिला कळायला मधला माणूस लागतो, आणि तो माणूस आपल्या सोयीचं तेवढंच सांगतो. सबटायटल वाचणाऱ्या आपल्याला दोन्ही बाजू कळतात, त्या पोरीला नाही. तो सीन बघताना थिएटरात कोणी हललं नव्हतं. एका स्पॅनिश फेस्टिव्हलने स्पॅनिशच्या खाली दबलेल्या भाषेचा सिनेमा दाखवावा याला मी फार मोठं मानते.

सगळे सिनेमे यादवी युद्ध, हुकूमशाही, बेपत्ता माणसं असेच का असतात? जड होतं.

सगळे नसतात. कॉमेडी असतात, थ्रिलर तर भरपूर असतात. पण हो, हा विषय परत परत येतो, आणि का येतो ते माहीत असलं तर बघताना जड कमी होतं असं मला वाटतं, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

स्पेनमध्ये १९३६ ते १९३९ यादवी युद्ध झालं, फ्रँको जिंकला आणि २० नोव्हेंबर १९७५ ला मरेपर्यंत सत्तेवर राहिला. म्हणजे जवळपास चार दशकं जी बाजू हरली तिला आपल्या मेलेल्यांची नावं उघडपणे घेता आली नाहीत. लोकशाही आल्यावर १९७७ मध्ये माफीचा कायदा झाला, जुनं उकरायचं नाही, पुढे जायचं अशी एक समजूत झाली. त्याने देश शांतपणे बदलला हे खरं, पण रस्त्याकडेला, शेतांत पुरलेली माणसं तिथेच राहिली. मग नातवंडांची पिढी विचारायला लागली, आजोबा कुठे आहेत. २००७ मध्ये स्मृतीचा कायदा आला, आणि फ्रँकोचा मृतदेह त्याच्या भव्य स्मारकातून हलवायला २०१९ चा ऑक्टोबर उजाडला. घराघरात जे बोललं गेलं नाही ते सिनेमावाल्यांनी बोलायला घेतलं. सेन्सॉर असतानाही घेतलं होतं, आडवळणाने. स्पॅनिश दिग्दर्शक बुन्युएलचा 'विरिदियाना' १९६१ मध्ये फ्रान्सच्या कान फेस्टिव्हलला सर्वोच्च पुरस्कार घेऊन आला आणि त्याच्याच देशात १९७७ पर्यंत बंदी होती.

अर्जेंटिनात लष्करी राजवट १९७६ ते १९८३. माणसं उचलून नेली, त्यांच्या पोटातली बाळं दुसऱ्यांना देऊन टाकली. उचलून नेलेल्यांच्या आया १९७७ पासून राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोरच्या चौकात, प्लाझा दे मायोमध्ये, दर गुरुवारी डोक्याला पांढरा रुमाल बांधून फेऱ्या मारायच्या. राजवट पडल्यावर दोनच वर्षांत, १९८५ मध्ये, अशाच एका दत्तक मुलीच्या आईची गोष्ट सांगणारा 'ला इस्तोरिया ऑफिसियाल' आला आणि लॅटिन अमेरिकेचं परदेशी भाषेतल्या सिनेमाचं पहिलं ऑस्कर त्याला मिळालं. चिलीत १९७३ ते १९९०, तीच कथा.

आणि याचा मँचेस्टरच्या आसपासच्या भागाशी संबंध आहे बरं का. मे १९३७ मध्ये बिल्बाओहून 'आबाना' नावाच्या जहाजातून सुमारे ४००० बास्क मुलं एकटी, आई-बापांशिवाय साउदॅम्प्टनला उतरली, आणि त्यातली काही इथे बोल्टनला वॉटरमिलॉक नावाच्या घरात ठेवली होती. या भागातले कामगार स्वयंसेवक म्हणून स्पेनला लढायला गेले होते. त्यामुळे यादवी युद्धावरच्या सिनेमानंतर चर्चा झाली की हमखास कोणीतरी पांढऱ्या केसांचं माणूस उठून सांगतं, माझे वडील तिकडे गेले होते. मी हे एकदा नाही, तीन-चार वेळा ऐकलंय आणि दर वेळी अंगावर काटा येतो.

सुरुवातीला चार-चार देशांची नावं का येतात? सिनेमा नक्की कुणाचा?

पैसा. एका छोट्या देशात पूर्ण सिनेमाचा पैसा उभा राहत नाही, मग दोन-तीन देश मिळून करतात. इबेरमेदिया नावाची एक योजना १९९८ पासून चालू आहे, स्पेन, पोर्तुगाल आणि लॅटिन अमेरिकेतले देश मिळून एका निधीत पैसे टाकतात आणि त्यातून एकत्र निर्मितीला मदत होते. म्हणून पराग्वेची गोष्ट, उरुग्वेचा कॅमेरामन, स्पेनमधला एडिटर असं दिसतं.

अर्जेंटिनाचं मॉडेल मला सगळ्यात शहाणपणाचं वाटत आलंय. तिकडच्या कायद्याने प्रत्येक तिकिटाच्या किमतीतले १० टक्के सिनेमाच्या निधीत जातात, म्हणजे हॉलिवूडचा सुपरहिरो बघायला गेलेला माणूस नकळत एका नव्या अर्जेंटिनी दिग्दर्शकाला मदत करत असतो. २०२४ पासून तिथल्या नव्या सरकारने सिनेमाच्या राष्ट्रीय संस्थेवर, इन्कावर, मोठी कात्री चालवली आणि तिकडचे सिनेमावाले रस्त्यावर उतरले. सिनेमा बनायला दोन-तीन वर्षं लागतात, त्यामुळे या कात्रीचा परिणाम पडद्यावर जरा उशिरा दिसणार. तोवर अर्जेंटिनाचा सिनेमा यादीत दिसला तर सोडू नका.

ओटीटीवर ढीगभर स्पॅनिश कंटेंट आहे, थिएटरला का यायचं?

आहे, आणि चांगलंही आहे. पण तिथे तुम्हाला काय दिसणार ते त्या कंपनीने विकत घेतलेल्या यादीवर ठरतं. फेस्टिव्हलची यादी माणसं बसून ठरवतात, शंभर सिनेमे बघून त्यातले पंधरा-वीस निवडतात, हा का आणि तो का नाही यावर भांडतात. शोच्या आधी कोणीतरी उभं राहून दोन मिनिटं सांगतं की हा का निवडला. कधी कधी दिग्दर्शक स्वतः येतात. हे घरी सोफ्यावर होत नाही.

शिवाय यातले किती तरी सिनेमे पुन्हा कुठेच दिसत नाहीत. ब्रिटनमध्ये त्यांना वितरकच मिळत नाही. सिनेमा थिएटरकडे येतो तो डीसीपी म्हणून, एक हार्ड डिस्क किंवा डाउनलोड, आणि त्यावर कुलूप असतं. किल्ली म्हणून वेगळी फाइल पाठवतात, ती ठरावीक थिएटरच्या ठरावीक मशीनवर ठरावीक तारखांनाच चालते. मुदत संपली की त्या डिस्कचा उपयोग शून्य. एकदा दुसऱ्या एका शहरातल्या छोट्या फेस्टिव्हलला मी गेले होते, तिथे किल्लीच उघडेना, वेळेच्या फरकाचा काहीतरी घोळ झाला होता, आम्ही ऐंशी-नव्वद माणसं पाऊण तास अंधारात बसलो, निर्मात्याला तिकडे त्यांच्या पहाटे फोन करून नवी किल्ली मागवली आणि मगच शो सुरू झाला. एकही माणूस उठून गेलं नाही. तो सिनेमा मी नंतर खूप शोधला, ओटीटीवर, डीव्हीडीवर, कुठेच मिळाला नाही. त्या रात्री उठून गेले असते तर आयुष्यात तो बघून झाला नसता.

इतक्या सिनेमांतून निवडायचा कसा?

माझी पद्धत सांगते. एक सिनेमा ज्याचं नाव तुम्ही ऐकलंय तो घ्या, मोठा दिग्दर्शक, मोठे नट, त्यात काही वाईट नाही. पण दुसरा असा घ्या की ज्या देशाचा एकही सिनेमा तुम्ही बघितलेला नाही. ट्रेलर बघू नका, दोन ओळी वाचा आणि जा. मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलेले सिनेमे असेच, अंदाजाने बसलेले आहेत. नावाजलेला सिनेमा नंतर कुठे ना कुठे मिळतोच, छोट्याचं तसं नाही.

जुने सिनेमेही अधूनमधून लावतात, ते मोठ्या पडद्यावर मिळत असतील तर नवा सोडून जुना बघा.

आणि एका दिवसात तीन नका करू. मी एका शनिवारी केले होते, तिसऱ्याचा शेवट मला आज विचारलात तर सांगता येणार नाही.

पोरांना आणलं तर चालेल?

सर्टिफिकेट बघून. इथे सिनेमाला वयाचं सर्टिफिकेट बीबीएफसी देते, पण एक-दोन शोसाठी आलेल्या फेस्टिव्हलच्या सिनेमाला ते नसतं, मग स्थानिक कौन्सिलच्या परवानगीने वयाची अट ठरते आणि सावधगिरी म्हणून ती बऱ्याचदा जास्तच असते. तिकीट काढायच्या आधी बॉक्स ऑफिसला एक फोन करा, ती माणसं नीट सांगतात. मुलं ए-लेव्हलला स्पॅनिश घेत असतील तर मात्र जरूर आणा, त्यांच्या अभ्यासक्रमात सिनेमाच असतो, आल्मोदोव्हारचा 'व्होल्व्हेर' किंवा देल तोरोचा 'एल लाबेरिन्तो देल फाउनो' शिकवतात. शाळांच्या ग्रुपसाठीही कार्यक्रम होत आलेत, शाळेतल्या बाईंना विचारून बघा.

मी स्पॅनिश शिकतेय/शिकतोय. उपयोग होईल का?

होईल पण आधी गोंधळ होईल. क्लासमध्ये जे शिकवतात ते एकच स्पॅनिश, पडद्यावर वीस प्रकारची येतात. धन्यवादला माद्रिदमध्ये 'ग्राथियास' ऐकू येईल, मेक्सिकोत 'ग्रासियास'. रस्ता म्हणजे बोगोतात 'काये', पण ब्युनोस आयरेसमध्ये 'काशे'. अर्जेंटिनात 'तू'ला 'तू' म्हणत नाहीत, 'व्होस' म्हणतात आणि क्रियापदही बदलतं. चिलीवाले शब्दाचं शेपूट गिळतात. नागपूर, कोल्हापूर आणि मालवणची मराठी एका बैठकीत ऐकल्यासारखं समजा. पहिल्या वर्षी मला काहीच कळत नव्हतं, तिसऱ्या वर्षापासून माणूस तोंड उघडल्यावर देश ओळखता यायला लागला आणि त्याचा आनंद परीक्षेच्या मार्कांपेक्षा जास्त होता.

क्लास लावायचा असेल तर मँचेस्टरमध्ये डीन्सगेटवर इन्स्टिट्यूटो सर्व्हांतेसचं केंद्र आहे, स्पेन सरकारची संस्था, १९९१ मध्ये स्थापन झालेली.

पोचायचं कसं? खायला काही मिळतं का, शाकाहारी?

डीन्सगेट-कासलफील्ड ट्रॅम स्टॉप किंवा ऑक्सफर्ड रोड स्टेशन, दोन्हीकडून पाचेक मिनिटं चालत. पिकाडिलीहून वीस मिनिटं. इमारतीसमोरच्या चौकात फ्रेडरिक एंगेल्सचा मोठा काँक्रीटचा पुतळा आहे, २०१७ मध्ये युक्रेनमधल्या एका गावातून उचलून इथे आणलेला, तो दिसला की पोचलात. आत बार आणि रेस्टॉरंट दोन्ही आहेत, शाकाहारी पिझ्झा मिळतो. दोन शोच्या मध्ये तासभर असेल तर तिथेच बसा, आजूबाजूच्या टेबलांवर आत्ता बघितलेल्या सिनेमावर वाद चालू असतो, स्पॅनिशमध्ये.

मी मँचेस्टरला राहत नाही. दुसरीकडे असं काही आहे का? भारतात?

पुष्कळ. लंडन आणि एडिंबरात स्पॅनिश फिल्म फेस्टिव्हल होतात. ऑस्ट्रेलियात असाल तर तिथे स्पॅनिश फेस्टिव्हल एका शहरातून दुसऱ्या शहरात फिरतो. अमेरिकेत शिकागोचा लॅटिनो फिल्म फेस्टिव्हल १९८५ पासून आहे. फ्रान्समध्ये तुलूजला जमलं तर खरंच जा. १९३९ मध्ये हरलेल्या बाजूची लाखो माणसं पिरेनीज ओलांडून आली त्यातली खूपशी तुलूजमध्येच राहिली, त्यामुळे तिथल्या प्रेक्षकांत हा सिनेमा घरचा आहे. तिथे सिनेलातिनो १९८९ पासून भरतो आणि स्पेनच्या सिनेमाचा सिनेएस्पान्या वेगळा. सिनेलातिनोने २००२ मध्ये सान सेबास्तियान फेस्टिव्हलबरोबर एक फार उपयोगाचं काम सुरू केलं, पैसे संपल्यामुळे एडिटिंगच्या टप्प्यावर अडकलेले लॅटिन अमेरिकन सिनेमे अर्धवट अवस्थेतच निर्माते-वितरकांना दाखवायचे, म्हणजे पुरे करायला मदत मिळते. अर्धवट सिनेमा लोकांसमोर ठेवायला दिग्दर्शकाचं काय काळीज लागत असेल.

फ्रान्समध्ये सबटायटल्स फ्रेंच असतात, एवढं लक्षात ठेवा.

भारतात दिल्लीला सर्व्हांतेसचं केंद्र आहे. आणि गोव्याचा इफ्फी हा आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिव्हल आहेच, २००४ पासून पणजीत. २०२२ मध्ये इफ्फीने सत्यजित राय जीवनगौरव पुरस्कार कार्लोस साउरा या स्पॅनिश दिग्दर्शकाला दिला होता, त्यांच्या वतीने मुलीने स्वीकारला, आणि पुढच्याच फेब्रुवारीत ते गेले. पुण्याच्या पिफ फिल्म फेस्टिव्हलमध्येही स्पॅनिश भाषेतले सिनेमे असतात, रांगेत लवकर उभं राहावं लागतं हे पुणेकरांना सांगायला नको.

आपल्या मराठी सिनेमाचं इथे असं काही होऊ शकतं का?

हा प्रश्न मला मंडळात दर वर्षी विचारतात आणि मी दर वर्षी हो म्हणते. सिनेमे आहेत. 'कोर्ट' २०१४ मध्ये व्हेनिसला जिंकला, 'साबर बोंडं' २०२५ मध्ये सनडान्सला परदेशी कथापटांच्या गटात सर्वोच्च पुरस्कार घेऊन आला. होममध्येच २०१७ मध्ये बॉलिवूडबाहेरच्या भारतीय सिनेमाचा एक सीझन सुरू झाला होता, 'नॉट जस्ट बॉलिवूड' नावाचा, आणि गोरे प्रेक्षक चांगले येत होते.

आपलं अडतं कुठे, तर आपण सिनेमा आणतो तो आपल्यापुरता. रविवारी सकाळचा एक शो, मल्टिप्लेक्सचा एक स्क्रीन, वडापावचे बॉक्स, सगळे ओळखीचे, आणि पुढचा शो कधी ते कुणालाच माहीत नाही. मला ते शो आवडतात, वडापावसकट. पण विवाची गोष्ट वेगळी, तिथे बाहेरच्या माणसाला धरून सगळी आखणी असते. दर वर्षी तीच जागा, तोच मोसम, म्हणून लोक वाट बघतात. प्रत्येक सिनेमाच्या आधी दोन वाक्यं ओळख. आणि सबटायटल्स नीट. हे शेवटचं मला फार टोचतं, एका छान मराठी सिनेमाला मी माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीला घेऊन गेले होते, त्यात 'आवशीक खाव' अशा जातीच्या शिवीचं शब्दशः इंग्लिश केलेलं आणि हळव्या सीनमध्ये व्याकरणाच्या चुका, ती बिचारी हसू दाबत होती आणि मला रडू येत होतं. चांगलं सबटायटल करायला सिनेमा कळणारा, दोन्ही भाषांत लिहिणारा माणूस लागतो आणि त्याला त्याचे पैसे द्यावे लागतात. पोस्टरवर जेवढा खर्च करतो त्याचा थोडा भाग तिकडे वळवला तरी पुरेल.

मंडळात कुणाला यावर खरंच काम करायचं असेल तर मला कळवा. दोन सिनेमे, एक शनिवार, इथल्या मराठी न कळणाऱ्या माणसांसाठी, एवढ्यापासून सुरू करू.

शो हाउसफुल्ल दाखवतोय, आता काय?

शोच्या दिवशी सकाळी वेबसाइट परत बघा, तिकिटं परत आलेली असतात. नाही तर अर्धा तास आधी काउंटरला जाऊन उभे राहा, एकट्या माणसाला बहुतेक वेळा जागा मिळते. दोघं असाल तर वेगवेगळं बसायची तयारी ठेवा.